टायमर नसलेली पायरी

अक्का, तुझा लॅपटॉप ऑफिसने पुसून टाकला. तू गेलीस त्याच्या पुढच्याच आठवड्यात. नियम आहे म्हणे. माणूस गेलं की मशीन परत घ्यायचं, कोरं करायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं. मी अड्यारच्या आपल्या ऑफिसात त्या कॉम्प्युटरवाल्याच्या टेबलासमोर उभा राहून ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "सार, टिकट क्लोज आयिडुच्चु." म्हणजे त्याच्या लेखी काम संपलं होतं. तू कोण, हे त्याला ठाऊकही नव्हतं. मी खाली जाऊन चहाच्या टपरीवर बसलो आणि बराच वेळ चहा मागायचं विसरलो.

त्या लॅपटॉपवर तुझा प्रोग्राम होता. आवडी स्टेशनच्या पुढच्या डेअरीत दुधाच्या टाक्या आपोआप धुण्याचा. आधी पाणी, मग कॉस्टिक सोडा, मग पाणी, मग ॲसिड, शेवटी पुन्हा पाणी, आणि ते पाणी स्वच्छ निघालं की टाकी दुधाला मोकळी. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कोणता पंप कधी थांबवायचा, हे पॅनेलमधल्या कंट्रोलरला पायरी पायरीने सांगणारा तुझा पहिला प्रोग्राम. एकुलता एक, असं आता म्हणावं लागतं, आणि म्हणताना संताप येतो.

तसा तो वाचलाय म्हणा. शेवटच्या साइट व्हिजिटला तू तो कंट्रोलरमध्ये उतरवून ठेवला होतास. पण या जातीच्या कंट्रोलरमध्ये फक्त लॉजिक उतरतं; तू दिलेली नावं आणि लिहिलेले शेरे लॅपटॉपवरच राहतात. मी डेअरीत जाऊन केबल लावली, प्रोग्राम परत वर ओढला आणि स्क्रीनवर नुसते आकडे आले. एम बारा. टी सात. क्यू एकतीस. कशाचं काय, कुठेही एक अक्षर नाही.

तुझे शेरे किती लांबलचक असायचे. इंग्रजी लिपीत तुझं ते तंजावरी मराठी, मध्येच तमिळ. "पाणी येईपर्यंत पंपाला हात लावू नको, सुका चालला तर जळेल, मग मुरली सर मला जाळतील." मी तुला हसायचो. म्हणायचो, अक्का, हा प्रोग्राम आहे, कादंबरी नाही, दोन शब्दांत संपव. तू म्हणायचीस, "मी मेलें तर तुला कळाया नको काय?" हे तू हसत म्हणायचीस आणि मीही हसत ऐकायचो. ते सगळं गेलं. व्हॉल्व्ह राहिले.

मुरली सर वाईट नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, "पावम उमा" म्हणाले, बिचारी उमा. मग म्हणाले, "हँडओव्हरच्या दिवशी तिचा प्रोग्राम नीट चालला तर ठेवू. अडला तर आपला रेडिमेड आहेच, तो टाकून मोकळे होऊ." रेडिमेड म्हणजे आपण प्रत्येक डेअरीत घालतो तो. कुणीतरी कधीतरी लिहिलेला, चालतो म्हणून चालू राहिलेला. त्यांचंही बरोबर होतं. गिऱ्हाइकाला टाकी धुऊन हवी असते, ती कुणी धुतली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पण मला होतं. तो प्रोग्राम निघाला असता तर तू जे काही शिकलीस त्यातलं या जगात काहीही चालू राहिलं नसतं.

आणि किती हट्टाने शिकलीस. इतकी वर्षं तू आपल्याकडे वायरिंगची ड्रॉइंगं काढत होतीस. प्रोग्राम दुसऱ्यांचे, साइट दुसऱ्यांच्या, टाळ्या दुसऱ्यांना. आमच्यासारखी कालची पोरं यायची आणि तुला म्हणायची, उमा मॅडम, टर्मिनलचं ड्रॉइंग लवकर द्या. मीही म्हटलंय. मग एके दिवशी तू स्वतःच्या हिमतीवर वेस्ट मांबलमच्या त्या कंट्रोलर प्रोग्रामिंगच्या ॲडव्हान्स्ड कोर्सला नाव घातलंस. भांड्यांच्या दुकानावरचा तो वर्ग, जिना चढताना खालून हंडे ठोकल्याचा आवाज. मी तिथे आधीच बसलो होतो. घर जवळ होतं म्हणून, आणि कराडहून या तमिळ शहरात येऊन शनिवार-रविवार काय करायचं कळत नव्हतं म्हणून. तू आवडीहून यायचीस. सेंट्रलला उतरायचं, रस्ता ओलांडून पार्क स्टेशन गाठायचं, तिथून मांबलम. आणि तरी माझ्या आधी पोचलेली असायचीस.

वर्गातल्या सरांनी आपल्याला एकाच किटवर बसवलं. किट म्हणजे एका फळीवर दोन छोट्या टाक्या, दोन पंप, चार व्हॉल्व्ह आणि एक कंट्रोलर. त्या वर्गाची एक रीत होती. दोघांतल्या एकाने प्रोग्राम उतरवायचा आणि त्या वेळी दुसऱ्याने लाल बटणावर तळहात ठेवून उभं राहायचं. यंत्र भलतंच काही करायला लागलं तर दाबायचं. मी लिहायचो आणि तू बटणावर. माझ्या चुका तुझ्या हाताने थांबायच्या. अर्धी वर्गमंडळी हात जरा वर धरून गप्पा मारायची, तू कधी मारल्या नाहीस. मला ज्या दिवशी हे आपल्याला जमणार नाही असं वाटलं आणि मी बॅग उचलली, त्या दिवशी तू वळूनही न बघता, मला नेहमी मारायचीस ती धाकट्या भावाची हाक मारून म्हणालीस, "तंबी, बस रे. असकट येतं म्हणून कोण आलं आहे एथे? न येणारं शिकायाच आलों आम्ही." असकट म्हणजे सगळं. मी बसलो. अक्का, आज मी जी नोकरी करतो, जे चार लोक मला विचारतात, ते त्या बसण्यामुळे. हे तुला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चिडवलं असतंस म्हणून नाही सांगितलं. आता चिडवायलाही नाहीस.

आपलं भांडण त्याच किटवर सुरू झालं. टाकी धुण्याचा सराव होता. शेवटची पायरी, पाणी स्वच्छ होईपर्यंत धुत राहा. पाणी किती स्वच्छ आहे ते एक सेन्सर सांगायचा. मी लिहिलं, सेन्सर 'स्वच्छ' म्हणेपर्यंत थांब. तू म्हणालीस, इथे टायमर घाल. मी म्हणालो, कशाला? स्वच्छता काही घड्याळावर होत नाही. दुधाच्या टाकीत ॲसिड राहिलं तर? जितका वेळ लागेल तितका लागू दे.

"आणि झालंच नाही तर? अप्पुरम?"

तुझं ते 'अप्पुरम?' म्हणजे 'मग पुढे?' तू प्रत्येक पायरीला विचारायचीस आणि माझं डोकं फिरायचं. मी म्हणालो, मग थांबेल. तू म्हणालीस, "बस आली नाही तर तूं स्टॉपवर म्हातारा होणार की? टायमर म्हणजे पुढे जा असं नव्हे रे. टायमर म्हणजे ओरड. कोणी तरी येऊन बघेल."

मी हार मानली नाही. साइटवर मी बघितलं होतं ना, ऑपरेटर अलार्म वाचतच नाहीत. लाल दिवा लागला की 'मान्य' दाबतात आणि गप्पांना परत जातात. उगाच ओरडणारं यंत्र असलं की माणसं बहिरी होतात, असं मी ठासून सांगितलं. शेवटची पायरी नाजूक असते, तिथे तर ओरडूच नये, शांतपणे थांबावं. हे भांडण मग वर्गात मावेना. ते मांबलम स्टेशनच्या पुलावर झालं, डब्यातल्या तुझ्या दहीभातावर झालं, ऑफिसच्या लिफ्टमध्ये झालं. लोकांना वाटायचं आपलं काहीतरी गंभीर बिनसलंय. शेवटचं झालं तेव्हा तू म्हणालीस, "सेरी, बघतें." सेरी म्हणजे बरं, पण तुझं 'बघतें' म्हणजे नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. विषय तिथेच राहिला.

आणि तू स्वतः काय केलंस? पोट दुखायचं तेव्हा पर्समधून ती गुलाबी गोळी काढून चघळायचीस. आम्ही विचारलं की "गॅस रे, काही नव्हे." कित्येक महिने. तुझ्या शरीराने दिवा लावला आणि तू 'मान्य' दाबलंस, परत लावला, परत दाबलंस. मला 'कोणी तरी येऊन बघेल' असं काय सांगत होतीस? तू तर सगळ्यांत बेकार ऑपरेटर निघालीस. मला तुझा राग येतो, अक्का. सकाळी दात घासताना येतो, सिग्नलला उभा असताना येतो. तो कुठे नेऊन ठेवू हे कळत नाही, कारण ज्या माणसाजवळ मी माझे राग नेऊन ठेवायचो ते माणूस तूच होतीस.

हॉस्पिटलमध्ये मला एकदाच आत सोडलं. तुझे ओठ सुकलेले. मी बोलायला बरंच काही जुळवून आलो होतो. तू विचारलंस, "ॲसिडच्या व्हॉल्व्हचा फीडबॅक आला काय?" मी म्हणालो, आला. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. व्हॉल्व्ह खरंच उघडला हे कंट्रोलरला कळवणारी ती फीडबॅकची वायर तेव्हा जोडलीही नव्हती. मी जुळवून आणलेलं तसंच घेऊन लिफ्टने खाली आलो.

तर त्या आकड्यांकडे परत येतो. मी डेअरीतल्या पॅनेलरूममध्ये रोज जाऊन बसू लागलो. एकेक आउटपुट चालू करून बाहेर पळत जायचं, कुठला व्हॉल्व्ह हलला ते बघायचं, परत येऊन नाव लिहायचं. टाकी धुणं हे मी तुझ्याबरोबरच शिकलो होतो, त्यामुळे तुझी चाल ओळखू यायची. हे उमाअक्काने का केलं असेल, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळायचं. शेरे मीच लिहिले. तुझ्यासारखे लिहायचा प्रयत्न केला आणि दोन ओळींनंतर सोडून दिला. ते खोटं दिसत होतं. मग माझे कोरडे दोन-दोन शब्द लिहिले. एवढं करूनही तू काही परत सापडली नाहीस. लोक म्हणतात माणूस आपल्या कामात राहतं. मी त्या कामात पार आतपर्यंत जाऊन बघितलं. तिथे काम आहे. तू नाहीस.

प्रत्येक पायरीला तुझा टायमर होता. पहिल्या पायरीपासून ओळीने क्रमांक, एकही आकडा न सोडता. आकडा सोडला की मागून येणारा शोधत बसतो, असं तूच म्हणायचीस. फक्त शेवटच्या धुण्याच्या पायरीला टायमर नव्हता. अठरा होता, वीस होता, एकोणीस नव्हता. मी वर-खाली दोनदा शोधलं. मला वाटलं, दुखण्यात राहून गेलं असेल. पोटाला हात लावून तू इथे खुर्चीवर बसली असशील आणि एक ओळ सुटली असेल. त्याने इतकं वाईट वाटलं की मी लॅपटॉप बंद करून बाहेर टाक्यांपाशी जाऊन उभा राहिलो. टायमर मी घातला नाही. माझ्या मते तो तिथे नकोच होता.

हँडओव्हर सकाळी होता. मुरली सर आले, डेअरीचे मॅनेजर आले. दुधाचा टँकर गेटाच्या आत येऊन उभा होता. टाकी धुऊन झाली की त्यातच दूध उतरवायचं होतं. मी 'रन' दिलं. कॉस्टिक आलं, गेलं. ॲसिड आलं, गेलं. प्रत्येक व्हॉल्व्ह जिथल्या तिथे. सर माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसले. मग शेवटचं पाणी सुरू झालं आणि सुरूच राहिलं.

कुणाच्या लक्षात आलं नाही. स्क्रीनवर 'धुणे चालू' असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं. यंत्र शांतपणे सेन्सरची वाट बघत थांबलं होतं, अगदी मी सांगायचो तसं. मॅनेजर कॉफी प्यायले. ऑपरेटर दाराशी गप्पा मारत होता. मलासुद्धा वाटलं, लागत असेल वेळ. ऊन चढलं आणि टँकरचा ड्रायव्हर आत येऊन विचारायला लागला, तेव्हा मी सेन्सर काढून बघितला. त्याच्या टोकावर पांढरा थर धरला होता. पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं आणि तो 'घाण' सांगत बसला होता. त्याने जन्मभर तसंच सांगितलं असतं.

सरांचा चेहरा उतरला. "रेडिमेड लॅपटॉपवर आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो, सर, मला थोडा वेळ द्या, प्लीज. ते टँकरकडे बघत म्हणाले, "सीक्रम." लवकर. मी सेन्सर पुसला आणि खुर्चीवर बसलो. शेवटच्या पायरीला टायमर घातला. वेळ संपली की पुढे जायचं नाही, जागीच थांबून भोंगा वाजवायचा. क्रमांक एकोणीस. उतरवताना पॅनेलच्या लाल बटणावर कुणाचाही तळहात नव्हता. मी डाव्या हाताने माऊस धरला आणि उजवा बटणावर ठेवला.

दुसऱ्या खेपेला आम्ही मुद्दाम सेन्सरची वायर काढून ठेवली. वेळ झाली आणि भोंगा वाजला. ऑपरेटर गप्पा सोडून धावत आला. तो 'मान्य' दाबून परत गेला नाही, अक्का. तो आला आणि त्याने बघितलं. मग वायर लावून पूर्ण धुतलं, टाकी मोकळी झाली आणि टँकरला पाइप जोडला. सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उमा नल्ला पण्णिरुक्का." छान केलंय म्हणाले उमाने. इतकी वर्षं तू त्यांच्या तोंडून हे ऐकायला थांबली होतीस आणि ते ऐकलं मी.

गेटाबाहेर येऊन मी जननीला फोन केला. तुझी लेक म्हणजे तुझ्याहून उलट, मोजकं बोलते, आणि मराठी तर तिला अडखळतच येतं.

"अंकल, अम्माचा प्रोग्राम ओडिच्चा?" चालला का, तिने विचारलं.

"चालला गं. चांगला चालला."

ती रडली नाही. म्हणाली, "अम्मा लास्ट टाइम साइटला गेली, त्याच्या आदल्या रात्री घरी लॅपटॉप घेऊन बसली होती. काहीतरी काढत होती. मी विचारलं, व्हॉट आर यू डिलीटिंग? ती म्हणाली, टायमर. तंबी बोलला ते करेक्ट होतं, मी उगाच भांडली. पण त्याला सांगू नको म्हणाली. डोक्यावर बसेल."

आणि ती हसली. तुझ्यासारखी नाही, पण हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल. तिने विचारलं, "करेक्ट होतं ना, अंकल?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो, सांग. फोन ठेवला आणि डेअरीच्या भिंतीशी उन्हात बसून राहिलो. अक्का, तू बरोबर होतीस. पहिल्या दिवसापासून तूच बरोबर होतीस. एकदाच माझं ऐकलंस, तेही मरायच्या आधी, तेही मला न सांगता, आणि नेमकं जिथे ऐकायला नको होतं तिथे ऐकलंस.